संगणक-शंका: पावसानंतर न उठणारा डेस्कटॉप, चिऱ्याच्या भिंती आणि विंडोज १०

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी ओलावा आणि वीज या दोन गोष्टींभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती आधी घेतली आहेत. विंडोज आणि टंकलेखन त्यानंतर. मॉडेल नंबर, रॅम किती, डिस्क कोणती एवढे ज्यांनी लिहून पाठवले त्यांना नेमके उत्तर देता आले. ‘कॉम्प्युटर हँग होतो, काय करू?’ एवढ्याच ओळीच्या पत्राला आम्ही तरी काय करणार!

प्रश्न : चालू केल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. आतून पुन्हा पुन्हा बीप ऐकू येते. गणपतीत पाहुण्यांच्या गडबडीत दोन आठवडे मशीन बंद होते. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. घर समुद्रापासून जवळ आहे. — एक वाचक, हरमल

मदरबोर्ड बदलण्याच्या आधी रॅम काढून, पुसून पुन्हा बसवा. पावसाळ्यानंतर अशी तक्रार आली की दोष बहुधा रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी दात्यांवर सापडतो. बीपची भाषा कंपनीगणिक बदलते, पण पंखा फिरतो, चित्र नाही आणि बीप थांबत नाही, यातून रोख मेमरीकडेच जातो.

आधी भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग उपसून काढा. मग कॅबिनेटचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला भार उतरेल. समोरून पाहताना डाव्या हाताचे झाकण उघडा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला एकदा हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅमच्या टोकांचे खटके बाहेर दाबले की पट्टी वर येते. तिला कडांनी धरा. औषधाच्या दुकानातले जखमेचे स्पिरिट नको, त्यात पाणी असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, ते सुती कापडावर घेऊन दाते एकाच दिशेने पुसा. काळपट थर निघाला नाही तर पांढऱ्या मऊ खोडरबराने अगदी हलक्या हाताने एकदा फिरवा, चुरा झटका आणि पुन्हा अल्कोहोलने पुसा. खोडरबर रगडू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तो गेला की खालचे निकेल आणि तांबे उघडे पडते आणि पुढच्या पावसात तोच त्रास दुप्पट होतो. स्लॉटमध्ये फक्त कोरडा, मऊ ब्रश. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव्य, गंज सोडवायचा स्प्रे यांतले काहीही आत जाता कामा नये.

पट्ट्या दोन असतील तर आधी एकच बसवा. चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन्ही टोकांचा ‘टक’ आवाज यायला हवा. एक टोक अर्धे वर राहिलेली पट्टी हाच निम्म्या ‘मेलेल्या’ मदरबोर्डांचा आजार असतो. चित्र आले नाही तर दुसरी पट्टी, मग दुसरा स्लॉट. चारही जोड्या करून पाहिल्या आणि तरीही शांतता असेल तर दुकानदाराचे ऐका.

आता हे का होते, तेही सांगायला हवे. किनाऱ्याजवळच्या हवेतून मिठाचा अगदी बारीक थर बोर्डवर बसतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे बोर्डवर वीज वाहून नेणारे खारे पाणी पसरते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मशीन रोज अर्धा-पाऊण तास चालवणे. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, आणि कॅबिनेटच्या आत हवा ३७ अंशांपर्यंत तापली, तर तीच हवा आत साधारण ५० टक्क्यांवर येते. मीठ कोरडेच राहते. मशीन बंद असताना त्यावर प्लॅस्टिकचे कव्हर घालू नका, ओल आतच कोंडते. जुन्या साडीचा तुकडा किंवा पंचा पुरतो.

प्रश्न : रोज सकाळी कॉम्प्युटरचे घड्याळ मागे गेलेले असते आणि बँकेची साइट उघडली की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. व्हायरस आहे का? — गृहिणी, मडगाव

नाही. मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. तिचा नंबर सीआर २०३२, तीन व्होल्टची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. तारीख चुकली की साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत ‘अजून सुरू झालेली नाही’ किंवा ‘संपली’ असे ब्राउझरला वाटते, म्हणून तो इशारा. बँकेचे काम करताना इशारा डावलून पुढे जाऊ नका. आधी तारीख नीट करा.

बॅटरी बदलताना एक गोष्ट विसरली जाते. बॅटरी काढली की बायोसमधल्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या) काही जुळण्या मूळ पदावर येऊ शकतात. म्हणून आधी बायोसमध्ये शिरा (चालू करताच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा) आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः ‘साटा मोड’, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ती जुळणी, एएचसीआय आहे की रेड, ते पाहून ठेवा. नव्या बॅटरीनंतर तो बदलला आणि तसाच राहिला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते आणि लोक डिस्क गेली समजून फॉरमॅट मारतात. बॅटरीची अधिकची खूण असलेली बाजू वर.

प्रश्न : लाइट गेली की यूपीएस एकदा ओरडतो आणि कॉम्प्युटर लगेच बंद पडतो. घरात इन्व्हर्टरही आहे. तो सुरू असताना यूपीएस सतत टकटक करतो. यूपीएस नवा घ्यावा का? — एक वाचक, वाळपई

दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत.

पहिला बॅटरीचा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद शिशाची बॅटरी असते. आपल्या उकाड्यात ती दोन-तीन वर्षांत थकते. यूपीएस आठ-दहा तास चार्ज करा, मग बंद करून, प्लग काढून, तळाचे स्क्रू सोडवा. बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला की चांगली बॅटरी १२.८ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती गेली. मात्र नुसत्या व्होल्टवर विसंबू नका, बिनभाराची १२.६ दाखवणारी बॅटरी भार पडताच १० वर कोसळते, तुमच्याकडे तेच होत असावे. साधारण १५१ मिलिमीटर लांब, ६५ रुंद, ९४ उंच हे तिचे ठरलेले माप, त्यामुळे कंपनी कोणतीही चालते. लाल तार अधिकला, काळी उणेला. जोडताना बारीक ठिणगी उडते, दचकून पान्हा सोडू नका. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. शिसे कचऱ्याच्या पिशवीत जाता कामा नये.

नवी बॅटरी किती टिकेल याची अपेक्षा माफक ठेवा. कागदावर १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. पण इतक्या जोराने उपसली की ही बॅटरी पूर्ण देत नाही आणि रूपांतरातही काही वाया जाते. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १०० वॉट धरले तर १५ ते २० मिनिटे. फाइल जतन करून मशीन नीट बंद करायला तेवढी पुरतात. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नका, त्याचा हीटर एका झटक्यात कितीतरी शे वॉट ओढतो.

दुसरा दोष इन्व्हर्टरचा. तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असणार. यूपीएसला ती वीज ओळखीची वाटत नाही, म्हणून तो घेतो-सोडतो-घेतो, आणि प्रत्येक वेळी स्वतःची बॅटरी थोडी खातो. साइन लहरीचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक छोटा स्विच असतो, ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा. तो ‘यूपीएस’वर ठेवला की व्होल्टेज साधारण १८० ते २६० च्या बाहेर गेले की तो झटकन बॅटरीवर जातो आणि कॉम्प्युटरला कळतही नाही. ‘नॉर्मल’वर तो १०० व्होल्टपर्यंत वाट पाहतो. असा इन्व्हर्टर असेल तर कॉम्प्युटरसाठी वेगळ्या यूपीएसवर पैसे घालू नका असे आमचे मत. चौकोनी लहरीचाच असेल तर इन्व्हर्टरची लाइन कॉम्प्युटरच्या सॉकेटपासून तोडून घ्या.

प्रश्न : अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. आमची वसाहत सड्यावर आहे. सर्ज प्रोटेक्टर लावला आहे, तरी मागच्या वळवात राउटर आणि मदरबोर्डचा लॅन पोर्ट जळला. — एक वाचक, पर्वरी

तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा नावापुरते आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेला. अर्थ तुटला की कॅबिनेट त्या दोघांच्या मध्ये लटकते आणि त्यावर सुमारे निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण हीच खूण सांगते की खरा दोष झाला तर वीज जायला वाट नाही.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेट मोजा. ज्याला सवय नाही त्याने हे वायरमनकडूनच करून घ्यावे. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ मध्येच १००-१५० असे काही तरंगते आकडे दाखवू लागले तर अर्थची तार कुठेतरी तुटली आहे. सड्यावरची जमीन जांभ्याची, पाणी लगेच निथळणारी. तिथे अर्थचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मेमध्ये, नेमक्या विजांच्या तोंडावर, निकामी होतो. खड्ड्यात पाणी ओतायचा पाइप असतो, तो याचसाठी. मार्चपासून आठवड्याला एक बादली ओता. काही जण सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधून देतात. तसे अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल सुटला की अख्ख्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतात.

सर्ज प्रोटेक्टर का चालला नाही, याचे उत्तर याच्यातच आहे. आतला घटक जादा दाब अर्थकडे वळवतो. अर्थच नाही तर तो कुठे वळवणार? शिवाय हे घटक प्रत्येक झटक्याला थोडे झिजतात. प्रोटेक्टरवरचा ‘प्रोटेक्टेड’ दिवा विझला असेल तर तुमच्याकडे आता एक साधा एक्स्टेंशन बोर्ड आहे.

लॅन पोर्ट जळला म्हणजे झटका तारेतून आला. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरे, पण राउटरच्या ॲडाप्टरमधून येते आणि तिथून लॅनच्या तांब्याच्या तारेने थेट मदरबोर्डपर्यंत पोचते. म्हणून गडगडाट ऐकू आला की तीन गोष्टी उपटा: कॉम्प्युटरचा प्लग, राउटरचा ॲडाप्टर, आणि लॅन केबल. स्विच बंद करणे पुरेसे नाही, वीज त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या फटीवरून उडी मारते. मदरबोर्ड मात्र लगेच बदलू नका. बाकी सगळे चालत असेल तर यूएसबीचा लॅन ॲडाप्टर लावून काम भागते.

प्रश्न : जुने चिऱ्याचे घर, मध्ये राजांगण. राउटर पुढच्या सोप्यावर. मागच्या खोलीत मुलाचा अभ्यास, तिथे वायफायची एकच कांडी. रिपीटर घेतला तर कांड्या पूर्ण दिसतात पण वेग नाही. — पालक, फोंडा

जांभ्याच्या दीड-दोन फुटी भिंती वायफायला भारी पडतात, पावसाळ्यात भिंत ओली असताना आणखीनच. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा दोन भिंतींपलीकडे जवळजवळ पोचतच नाही, २.४ ची पोचते, पण दमलेली. रिपीटर तुम्ही मागच्या खोलीतच लावला असणार. तिथे त्याला जी एक कांडी मिळते तीच तो मोठ्या आवाजात पुन्हा सांगतो, शिवाय एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करायचे म्हणून वेग निम्मा होतो. रिपीटर लावायचाच तर राजांगणाच्या कडेला, जिथून राउटर उघड्या हवेतून दिसतो तिथे. भिंतीतून जाण्यापेक्षा अंगणावरून जाणे लहरीला सोपे.

पण खरा उपाय केबल आहे. घरात पडून असलेला जुना राउटर मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेले नेट वायफायवर पसरवायला, लावा. खर्च केबलचा तेवढा.

जुन्या राउटरचे रिसेटचे भोक पिनने दहा सेकंद दाबा. त्याला लॅन केबलने कॉम्प्युटर जोडा आणि तळाच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये घाला. पुढची कामे याच क्रमाने करा. आधी वायफायचे नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखाच ठेवा, म्हणजे फोन आपोआप जवळचा पकडेल. चॅनेल वेगळा: मुख्य १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर, २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे हे तीनच. मग राउटरचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. बदलला की पान तुटेल. नव्या पत्त्यावर पुन्हा शिरा आणि सर्वांत शेवटी डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा. हे आधी बंद केले तर कॉम्प्युटरला पत्ताच मिळत नाही, आत शिरता येत नाही आणि पिन घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून आलेली केबल जुन्या राउटरच्याही लॅन पोर्टातच घाला. वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट मोकळा राहू द्या. त्यात घातली तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात आणि पुढच्या खोलीतला प्रिंटर मागच्या खोलीतून दिसत नाही.

केबल ‘कॅट ६’, निव्वळ तांब्याची मागा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अशी तार आपल्या खाऱ्या हवेत कनेक्टर दाबलेल्या जागी वर्षा-दोन वर्षांत पांढरी पडून तुटू शकते. अंगणाच्या कडेने उघड्यावर न्यायची असेल तर काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची. करड्या आवरणाची उन्हात तडकते. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पागोळीचे पाणी झोळावरून टपकेल, भोकातून आत येणार नाही. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही राउटर गिगाबिटचे असूनही वेग १०० मेगाबिटवर अडकला तर आठांपैकी एखादी तार नीट दाबली गेलेली नाही. कापा आणि नवा कनेक्टर दाबा. फोन कंपनीच्या माणसाला बोलावू नका.

प्रश्न : विंडोज १० चा आधार संपला. माझा डेस्कटॉप २०१७ चा, प्रोसेसर आय ५-७४००, रॅम ८ जीबी, हार्ड डिस्क १ टीबी. दुकानात सांगतात भंगारात द्या. हिशेब आणि बँकेचे काम याच्यावर आहे. — किराणा दुकानदार, डिचोली

भंगारात देण्यासारखे त्यात काही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला आधार संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते. बँकेचे काम असेल तर ते मात्र हलक्यावर घेऊ नका.

विंडोज ११ अधिकृतपणे तुमच्या मशीनवर बसणार नाही. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागते, आणि इंटेलच्या बाजूने साधारण आठवी पिढी. तुमच्या नंबरातला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. अटी चुकवून ते बसवायच्या युक्त्या आहेत आणि दुकानदार हौसेने करून देतात, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या मशीनवर नको.

मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसते. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडला तर पैसे लागत नाहीत. नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० गुण किंवा एकदाच ३० डॉलर. दुवा दिसत नसेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट घ्या, मशीन दोनदा रीस्टार्ट करा.

तोवर पुढचा मार्ग ठरवा. हिशेब टॅलीवर असेल किंवा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन लागत असेल तर विंडोज सोडू नका, आठव्या पिढीच्या पुढचा वापरलेला डेस्कटॉप पाहा. आय ३-८१०० देखील पुरेसा आहे. नुसते ब्राउझर, पत्रे, पत्रके एवढेच असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली याच मशीनवर छान चालेल. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून ते न बसवताही चालवून पाहता येते: प्रिंटर छापतो का, वायफाय पकडते का, बँकेची साइट उघडते का, हे सगळे आधी बघा.

एक खर्च मात्र कुठल्याही मार्गाने जा, करा: एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून परफॉर्मन्समध्ये डिस्क पाहा. सुरुवातीची दहा मिनिटे ती १०० टक्क्यांवर असेल तर मशीन म्हातारे नाही, डिस्क हळू आहे. ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी तुमच्या बोर्डवर थेट बसते. जुनी डिस्क क्लोन करण्याआधी (म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवण्याआधी) क्रिस्टल-डिस्क-इन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत बघा. सी५ या ओळीत (डिस्कला नीट वाचता न येणाऱ्या जागांची संख्या) शून्याहून वेगळा आकडा असेल तर क्लोनच्या फंदात पडू नका. आधी हिशेबाच्या फाइल दुसरीकडे उतरवा आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. मरणाऱ्या डिस्कला सलग चार तास वाचायला लावले की ती मध्येच जाते.

प्रश्न : मी बोटीवर असतो, घर सहा-सात महिने बंद. लॅपटॉप, डेस्कटॉप कसे ठेवून जावे? — तारवटी, काणकोण

लॅपटॉप ५०-६० टक्के चार्जवर पूर्ण बंद करा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत फुगते, रिकामी पुन्हा चार्जच होत नाही. रबरी कडेच्या हवाबंद डब्यात पाव किलो सिलिका जेल सुती पिशवीत घालून त्यासोबत ठेवा. नारिंगी दाण्यांची घ्या. ओल पिऊन ती हिरवट होते आणि ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवली की पुन्हा नारिंगी. निळी टाळा, तिच्यात कोबाल्टचा क्षार असतो. डेस्कटॉपच्या सगळ्या तारा उपटा, यूपीएसची बॅटरी भरून तिची एक तार सोडवा. एसएसडीतली माहिती एवढ्या काळात उडत नाही. तरी महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रे एका वेगळ्या हार्ड डिस्कवर नातेवाइकांकडे ठेवा. घरफोडीत डबा उघडला जातो.

परत आल्यावर लगेच बटण दाबू नका. झाकण उघडून दिवसभर पंख्याखाली ठेवा. टॉर्च मारून पॉवर सप्लायच्या जाळीतून आत बघा: कुंभारमाशीचे मातीचे घर, मुंग्यांची अंडी, पालीची विष्ठा. मेलेली पाल दोन टोकांना चिकटली असेल तर पहिल्याच स्विचला सप्लाय उडतो.

प्रश्न : युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ लिहायला गेले की ‘दर्या’ होते. — ग्रंथालय सेविका, केपे

विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर साधा र नको, नुक्त्याचा ऱ घ्या. शिफ्टसह जे, मग डी, मग स्लॅश: ऱ, हलंत, य. वाऱ्यावर, पुढाऱ्यांना सगळे याच रीतीने. नव्या शब्दांनाच नव्हे, सूचीतल्या जुन्या नोंदींनाही ही दुरुस्ती करा. तुम्ही ‘ऱ्या’ शोधाल तेव्हा ‘र्या’ने लिहिलेल्या नोंदी सापडणार नाहीत.

प्रश्न : लेझर प्रिंटर जूनपासून दोन-दोन कागद एकदम ओढतो, छपाई फिकट आणि कागद गुंडाळून येतो. रोलर बदलला, फरक नाही. — हिशेबनीस, म्हापसा

कागद ओला आहे. रिम उघडली की उरलेले कागद मूळ वेष्टनात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवा, ट्रेमध्ये एका दिवसाला लागतील तेवढेच, तीस-चाळीस. ट्रेमधला जुना गठ्ठा काढून कडा पत्त्यांसारख्या पिसा आणि गुळगुळीत बाजू वर की खाली ते वेष्टनावरच्या बाणाप्रमाणे लावा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘थिन’ वर नाही ना, हेही पाहा, ‘प्लेन’ हवा. एवढे करूनही फिकट आले, तरच टोनरकडे वळा.